साठ अंशांचा कोन आणि एका घराण्याची गाडी : लान्चिया आउरेलिया

'जीटी' ही दोन अक्षरं हल्ली कुठल्याही गाडीच्या मागे चिकटवलेली दिसतात. जरा रुंद टायर, दोन पट्टे, की झाली जीटी. पण ग्रान तुरिझ्मो, म्हणजे लांबच्या प्रवासाची गाडी, हा मूळचा इटालियन शब्द. त्याला आज आपल्या डोक्यात जो अर्थ आहे, तो देणारी गाडी म्हणजे १९५१ सालची लान्चिया आउरेलिया बी-२० जीटी. आजचा भाग तिच्यावर आहे. एक गोष्ट आधीच कबूल करतो : हा शब्द काही लान्चियाने शोधलेला नाही. अल्फा रोमिओने १९३०च्या आसपासच आपल्या एका मॉडेलला ग्रान तुरिझ्मो म्हटलं होतं. पण दोन माणसं, त्यांचं सामान, डोक्यावर पक्कं छप्पर, दिवसभर न दमवता पाचसातशे किलोमीटर तोडायची ताकद, आणि वेळ आली तर तीच गाडी शर्यतीला उभी करायची, हा सगळा हिशोब नेहमीच्या उत्पादनातल्या एका गाडीत पहिल्यांदा नीट बसला तो इथेच, असं माझं मत आहे.

आता तोरिनोला जाऊ. इंग्रजी वळणाने आपण त्याला ट्युरिन म्हणतो. हे फियाटचं गाव. आपली पद्मिनी ज्या फियाट ११००ची मुलगी, ती इथलीच. त्याच गावात, फियाटच्या सावलीत, लान्चिया नावाची छोटी कंपनी होती. तिचा संस्थापक व्हिंचेंझो लान्चिया हा आधी फियाटचाच शर्यतीतला चालक. १९०६ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. माणूस हट्टी. दुसऱ्याने केलं म्हणून आपण करायचं, हे त्याला मान्य नव्हतं. १९२२च्या त्याच्या लाम्ब्दा गाडीला वेगळी चासी नव्हतीच, बॉडीच सगळा भार पेलायची. हे त्या काळात कोणी करत नव्हतं. इंजिनही अजब : चार सिलेंडर, पण दोन-दोनच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही'सारख्या, आणि त्यांच्यातला कोन इतका अरुंद की वरून सगळं एकच ठोकळ्यासारखं दिसे.

१९३७च्या फेब्रुवारीत व्हिंचेंझो वारला. पुढे त्याची बायको आदेल हिने कारभार सांभाळला, मग युद्ध आलं, तोरिनोवर बॉम्ब पडले, आणि युद्धानंतर सूत्रं मुलाच्या, जानीच्या हातात आली. जानीचा जन्म १९२४चा. म्हणजे चोविशी-पंचविशीतला इंजिनिअर पोरगा, आणि पाठीवर वडिलांचं एवढं मोठं नाव.

या कंपनीत त्या वेळी दोन माणसं होती. एक व्हित्तोरिओ यानो. अल्फा रोमिओच्या शर्यती जिंकणाऱ्या गाड्या ज्याच्या डोक्यातून आल्या तो. मोटारींच्या इतिहासात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा फ्रान्चेस्को दे व्हिर्जिलिओ. हे नाव मी तुम्हाला विचारलं असतं तर किती जणांनी हात वर केला असता? आउरेलियाचं इंजिन म्हटलं की अजूनही पुष्कळ ठिकाणी यानोचं नाव पुढे येतं. यानो मोठाच होता, गाडीच्या कामाचा प्रमुखही तोच. पण त्या इंजिनाच्या गाभ्यातलं गणित दे व्हिर्जिलिओचं आहे, आणि ते गणित काय होतं ते आज थोडं सविस्तर सांगतो. कंटाळू नका, सोपं आहे.

सहा सिलेंडरचं इंजिन हवं होतं. सहा एका रांगेत ठेवले तर इंजिन मऊ चालतं, थरथरत नाही, पण लांबलचक होतं. मग गाडीचं नाक लांब, वजन पुढे. म्हणून तीन-तीनच्या दोन रांगा 'व्ही'सारख्या ठेवायच्या. लांबी निम्म्यावर आली. पण तोल गेला. एका उखळात तिघी आळीपाळीने मुसळं मारतात ते तुम्ही पाहिलं असेल, निदान आजीकडून ऐकलं असेल. ठेका जमला तर काम झरझर होतं. एकीचा ठेका चुकला की मुसळावर मुसळ. इंजिनातही तसंच. सहा सिलेंडरमध्ये आळीपाळीने स्फोट होतात. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, सहा स्फोट. सारख्या अंतराने व्हायचे तर दर १२० अंशांनी एक. हा ठेका सांभाळायचा, शिवाय वरखाली जाणाऱ्या सहा पिस्टनांमुळे इंजिनाला जो हेलकावा बसतो तोही मारायचा. दोन्ही एकदम साधायचं म्हणजे दोन रांगांमधला कोन किती ठेवायचा, हा प्रश्न होता.

लान्चियाची परंपरा अरुंद कोनाची. सुरुवातीचे प्रयोगही अरुंद कोनांवरच झाले. दे व्हिर्जिलिओने युद्धाच्या वर्षांत कागदावर हिशोब मांडला. बाहेर शहरं जळतायत आणि हा माणूस हेलकाव्यांची समीकरणं सोडवतोय, हे चित्र मला फार दिवस सोडत नव्हतं. उत्तर आलं साठ अंश. कोन साठचा, आणि प्रत्येक पिस्टनला क्रँकशाफ्टवर स्वतःची वेगळी जागा. असं केलं की स्फोटांचा ठेका बरोबर १२०वर बसतो, आणि जो हेलकावा उरतो तो असा गोल फिरतो की क्रँकशाफ्टवरच्याच वजनांनी त्याचा बंदोबस्त करता येतो. वेगळा कुठला तोल-दांडा लागत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मी हे दोन्ही हात फिरवून दाखवत होतो. तुम्हाला दिसलं नाही ते बरंच झालं.

व्ही-सिक्स इंजिन त्याआधी कोणी केलंच नव्हतं असं नाही. पण नियमित उत्पादनातल्या मोटारीत ते घालून दाखवणारी पहिली गाडी आउरेलिया. आज सहा सिलेंडर म्हटलं की जगभरातल्या कित्येक कंपन्या साठ अंशांच्या व्हीकडे वळतात. त्या प्रत्येक इंजिनाच्या मागे कुठे तरी तो कागद आहे.

१९५०च्या तोरिनोच्या प्रदर्शनात आउरेलिया बी-१० आली. चार दरवाजांची, सरळ-साधी सेडान. रोमहून समुद्राकाठाने उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या रोमन रस्त्याचं, व्हिया आउरेलियाचं नाव तिला दिलं होतं. इंजिन १७५४ सीसीचं, ५६ अश्वशक्तीचं. लोकांनी कौतुक केलं आणि लगेच म्हणाले, ताकद कमी आहे. खरंच होतं ते. कारण गाडीच्या इतर अवयवांना याच्या दुप्पट ताकद सहज झेपली असती.

ते अवयव बघू. सगळ्यांच्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाला चिकटून पुढे असतो. आउरेलियात क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, एवढंच काय मागचे ब्रेकसुद्धा, हे सगळं एका गठ्ठ्यात मागच्या चाकांच्या मधोमध. पुढे इंजिन, मागे हा गठ्ठा. कावड कशी असते, दोन्ही टोकांना सारखा भार? अगदी तशी. कावड खांद्यावर असली की माणूस वळणावर भेलकांडत नाही, तशीच ही गाडी घाटात वळायची. ब्रेक चाकात न ठेवता आत घेतल्यामुळे चाकं हलकी झाली, आणि हलकं चाक खड्ड्यातून वर आलं की चटकन पुन्हा रस्ता धरतं. फुकट काहीच मिळत नाही म्हणा. क्लच मागे म्हणजे मधला लांब दांडा सदोदित इंजिनाच्याच वेगाने फिरणार. तो जरा जरी वाकडा असला तरी अख्खी गाडी गुणगुणणार. तो तुकड्यांत करून, रबरी सांध्यांनी जोडून शांत करायला मेहनत लागली. आणि आतल्या ब्रेकवर काम करायचं म्हणजे मेकॅनिक गाडीखाली आडवा. हे सगळं महाग पडत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १९५१च्या एप्रिलमध्ये बी-२० आली. सेडानची चाकांमधली लांबी २८६ सेंटिमीटर होती, ती वीसने कमी केली. इंजिन १९९१ सीसी, ७५ अश्वशक्ती. वर दोन दरवाजांची बंद बॉडी. तिचं रेखाटन गिया या कारखान्यातल्या मारिओ बोआनोचं मानलं जातं. पहिल्या काही गाड्यांच्या बॉडी व्हियोत्तीकडे झाल्या आणि मग काम पिनिन फरीनाकडे गेलं, म्हणून पुष्कळ लोक सगळं श्रेय त्यालाच देतात. या गोष्टीत श्रेयाचे घोळ फार. बॉडी बघाल तर दागिना एकही नाही. छप्पर मागच्या टोकापर्यंत एका ओघात उतरतं, जणू वरून हात फिरवून माती गुळगुळीत केलीय. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचं क्रोम आठवा आणि मग हिच्याकडे बघा.

आत मात्र दोन गोष्टी चमत्कारिक होत्या. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आपल्या पद्मिनीसारखा. शर्यतीच्या शौकिनांना तो आवडत नसे. ते तोरिनोच्या नार्दीकडून खाली जमिनीवरचा दांडा बसवून घेत. दुसरं म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे! इटलीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, तरी लान्चियावाले कित्येक वर्षं हट्टाने उजवीकडेच चाक ठेवत. आल्प्सच्या अरुंद घाटात उजवीकडे बसलेल्या चालकाला दरीची कड दिसते, असं त्याचं कारण सांगतात. डावीकडचं स्टिअरिंग पुढच्या मालिकांमध्ये सर्रास झालं.

प्रदर्शनात गाडी दिसली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी मिले मिल्या शर्यत. ब्रेशाहून रोम आणि परत, साधारण १,६०० किलोमीटर, उघड्या सार्वजनिक रस्त्यांवर. पाऊस धो धो. जिंकला व्हिल्लोरेझी, ४.१ लिटरच्या बारा सिलेंडरच्या फेरारीतून. आणि दुसरा? जोव्हान्नी ब्राको आणि उंबेर्तो माल्योली, दोन लिटरच्या, छप्पर असलेल्या आउरेलियातून, सुमारे वीस मिनिटं मागे. दुप्पट इंजिनाच्या, निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्या गाडीच्या मागे, वीस मिनिटं. त्याच जूनमध्ये ल मां इथे तिने आपल्या गटात पहिला क्रमांक काढला. पुढच्या वर्षी सिसिलीच्या तार्गा फ्लोरिओत बोनेत्तोने ती पहिली आणली. १९५४ला लुई शिरोनने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली तीही हिच्यातूनच. दरम्यान इंजिन २४५१ सीसीचं झालं होतं, आणि मागचं सस्पेन्शन बदललं होतं, कारण ताकद वाढल्यावर गाडीची शेपूट ओल्या वळणावर अचानक सुटायची. सुरुवातीची हलकी आणि तिखट चांगली की नंतरची समजूतदार, यावर शौकिनांचे वाद अजून संपलेले नाहीत. माझं मत विचाराल तर समजूतदार. फांजिओ स्वतःच्या वापरासाठी बी-२० चालवत असे. जगज्जेत्याला रोजच्या रस्त्यावर हीच हवीशी वाटली, याहून मोठं प्रमाणपत्र नसावं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

बी-२०च्या सगळ्या मालिका मिळून चार हजारही गाड्या झाल्या नाहीत, सात-आठ वर्षांत. बाजूला फियाट लाखांच्या हिशोबात विचार करत होती. लान्चियाचा प्रत्येक भाग घड्याळजीच्या निगुतीने बनायचा आणि त्याची किंमत विक्रीतून पूर्ण वसूल होत नव्हती. त्यात जानीला शर्यतींचं वेड. आधी खास शर्यतीच्या स्पोर्ट्स गाड्या, त्यांनी १९५३ला मेक्सिकोत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, पण त्याच शर्यतीत बोनेत्तो गेला. मग फॉर्म्युला वन, यानोची डी-५०. त्यात भर म्हणून तोरिनोत रस्त्याच्या वरून आरपार जाणारी कंपनीची उंच इमारत बांधायला घेतली. १९५५च्या मे महिन्यात मोनाकोला लान्चियाचा पहिल्या फळीचा चालक आस्कारी गाडीसकट समुद्रात पडला. वाचला. चार दिवसांनी मोंझाच्या ट्रॅकवर एका फेरारीची चाचणी घेताना मेला. जुलैत लान्चियाने शर्यतीच्या सगळ्या गाड्या आणि सामान फेरारीच्या हवाली केलं. पुढच्या वर्षी फांजिओ त्याच डी-५०च्या बदललेल्या रूपातून जगज्जेता झाला. नाव फेरारीचं.

शर्यतींनी लान्चिया बुडवली असं सरधोपटपणे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. मागे टाकलेला गिअरबॉक्स, आत घेतलेले ब्रेक, हे शर्यतीआधीपासूनच गाडी महाग करत होते. ज्या गोष्टींसाठी आउरेलिया आज लोकांना आठवते, त्याच गोष्टींनी हिशोब फाटत गेला. स्वस्त करायची म्हटली तर ती आउरेलिया राहिली नसती. कंपनी सिमेंटवाल्या कार्लो पेझेंतीकडे गेली. घराणं बाहेर पडलं. इमारत पूर्ण होईतो ज्याने बांधायला घेतली तो मालक उरला नव्हता. दे व्हिर्जिलिओचं व्ही-सिक्स मात्र पुढच्या फ्लामिनियात टिकलं, १९७०पर्यंत. यानो फेरारीकडे गेला, आणि तिथल्या दिनो इंजिनात पुन्हा एकदा व्ही-सिक्स आलं, कोन ६५ अंशांचा.

आउरेलियाची उघड्या टपाची एक बहीण होती, बी-२४. दिनो रिझीच्या १९६२च्या 'इल सोर्पास्सो' सिनेमात व्हित्तोरिओ गास्समान तीच पिटाळतो, सुट्टीच्या दिवशी, आणि बराचसा रस्ता आहे व्हिया आउरेलिया. म्हणजे गाडी आपल्याच नावाच्या रस्त्यावर. सगळ्यांना ओव्हरटेक करत, हॉर्न वाजवत. शेवट सांगत नाही. बघा.