नोंदवहीतला अडुळसा

आमच्या डिचोलीच्या जुन्या घराच्या परसात, विहिरीच्या कठड्याला लागून अडुळशाचे एक झुडूप होते. खोकला झाला की आजी त्याची पिकत आलेली पाने तोडायची, केळीच्या पानात गुंडाळून चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवायची आणि मग पिळून रस काढायची. त्यात मध घालून चमचाभर रस आम्हा मुलांना मिळायचा. किरायत्याच्या काढ्यापेक्षा ते औषध पुष्कळ बरे, म्हणून आम्ही खोकला जरा जास्तच करून दाखवायचो. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कुठल्या पानाचा रस किती द्यायचा आणि कधी थांबायचे, हे तिला नेमके ठाऊक असे.

ही आठवण सांगून लेख संपवता आला असता. 'आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते' असे म्हणून टाळ्याही मिळाल्या असत्या. पण आमच्या घरात याच झाडपाल्याच्या नावाखाली दुसरीही एक गोष्ट घडली आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे खोटेपणाचे होईल.

बाबांना दमा होता. कुणीतरी सांगितले म्हणून ते एका वैद्य म्हणवणाऱ्या गृहस्थाकडे जाऊ लागले. कागदाच्या पुड्या मिळत, 'शुद्ध वनस्पतींचे औषध' असे सांगून. गुण इतका झटपट आला की आम्ही सगळेच चकित झालो. दोन वर्षांत बाबांचा चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली आणि एके दिवशी न्हाणीघरात साधे घसरायचे निमित्त होऊन मणक्याचे हाड मोडले. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुडी बघितली, लक्षणे बघितली आणि म्हणाले, "यात स्टिरॉइड असणार." पुडीवर ना औषधाचे नाव, ना घटक, ना तारीख. मी सरकारी खात्यात कारकून. आमच्याकडे टाचण्यांचा डबा आला तरी साठा नोंदवहीत त्याची नोंद होते. माझ्या बापाच्या पोटात दोन वर्षे काय गेले, त्याची मात्र कुठेही नोंद नव्हती.

तेव्हापासून 'झाडपाल्याचे औषध' हे शब्द ऐकले की माझ्या कपाळावर आठी पडायची. ती आठी थोडी सैल झाली ती भोपाळला.

२००९ साली आम्ही एलटीसी घेऊन सांची, भीमबेटका बघायला निघालो. मडगावला गोवा एक्सप्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता भोपाळला उतरता येते, हे सोयीचे. तलाव झाले, मशिदी झाल्या, सांचीचा स्तूप झाला. शेवटच्या दिवशी सौ. आणि मुलगा चौकात खरेदीला गेले आणि मी रिक्षा करून बेरासिया रस्त्याला गेलो. युनियन कार्बाइडचा कारखाना त्याच बाजूला. गंजलेले सांगाडे भिंतीपलीकडे दिसतात. पण मला बघायचा होता तो तिथून जवळच असलेला संभावना ट्रस्टचा दवाखाना. वायुपीडितांवर आयुर्वेदाने उपचार करतात असे वाचले होते. खरे सांगायचे तर मी दोष काढायलाच गेलो होतो.

भोपाळला औषधी वनस्पतींचा वारसा काही या दवाखान्याने आणला नाही. या संस्थानावर १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केले. त्यांतल्या शाहजहान बेगमने स्त्रियांसाठी लिहिलेल्या गृहशिक्षणाच्या मोठ्या ग्रंथात बाळंतपणापासून घरगुती उपचारांपर्यंतचे विषय घेतले आणि स्त्रियांसाठी लेडी लॅन्सडाउन इस्पितळही काढले. तिची मुलगी सुलतान जहान बेगम हिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युनानी वैद्यक शिकवणारी आसफिया तिब्बिया शाळा स्थापन केली. हकिमांनी केवळ घराण्याच्या नावावर नाडी धरू नये, रीतसर शिकून यावे, असा त्यामागचा रोख. आजच्या मध्य प्रदेशाचे जंगलही औषधींनी भरलेले. आवळा, बेहडा, हिरडा, सफेद मुसळी, अशी कितीतरी वनोपज गोळा करण्यावर तिथल्या आदिवासींचा संसार चालतो आणि भोपाळच्या वनमेळ्यात तिचा मोठा बाजार भरतो.

अशा या शहरावर २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री सुमारे चाळीस टन विषारी वायू पसरला. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले, रासायनिक प्रक्रिया सुरू झाली आणि सुरक्षेची जी साधने असायला हवी होती, ती बंद, नादुरुस्त किंवा अपुरी निघाली. सरकारी हिशेबानेही पुढे मृतांचा आकडा पाच हजारांवर गेला. पीडितांच्या संघटना तो याच्या कित्येक पट सांगतात. साडेपाच लाखांहून अधिक लोकांना बाधित म्हणून भरपाई मिळाली. १९८९ साली कंपनीने ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि त्यातून बहुतेक जखमींच्या वाट्याला आधी आले ते पंचवीस हजार रुपये.

आपल्याला हे आकडे साधारण माहीत असतात. कमी माहीत असते ती उपचारांची कथा. डॉक्टरांसमोर हजारो माणसे तडफडत होती आणि नेमके कोणते विष अंगात गेले, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांचे रक्त लालभडक दिसले. सायनाइडची शंका आली. त्यावरचा उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शने. त्यांवरून मोठा वाद झाला, कारण सायनाइड मान्य करणे म्हणजे कंपनीची जबाबदारी वाढणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या चाचण्यांनंतर ही इंजेक्शने द्यावीत असे सुचवले, तरी ती मोठ्या प्रमाणावर दिली गेलीच नाहीत. जून १९८५ मध्ये तर ती देणाऱ्या एका जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांची धाड पडली, डॉक्टरांना अटक झाली आणि कागदपत्रे उचलून नेली गेली. परिषदेचे संशोधनही १९९४ मध्ये गुंडाळले गेले.

मग लोकांनी काय केले? धाप लागली की स्टिरॉइड, ताप आला की अँटिबायोटिक, अंग दुखले की वेदनाशामक, झोप नाही तर झोपेची गोळी. वर्षानुवर्षे मूठ मूठ गोळ्या. तेवढ्यापुरता आराम, आणि मुळात जायबंदी झालेल्या शरीरावर आणखी भार. हे ऐकताना मला बाबांच्या पुड्या आठवल्या. तिथे झाडपाल्याच्या नावाने स्टिरॉइड दिले होते, इथे उघडपणे चिठ्ठीवर लिहून. दोन्हीकडे रोग्याला दोन घटका बरे वाटावे एवढाच हिशेब.

या परिस्थितीत १९९६ साली संभावना दवाखाना सुरू झाला. त्यामागे होते सतीनाथ सारंगी, शिक्षणाने धातुअभियंते. दुर्घटनेची बातमी ऐकून ते मदतीला म्हणून भोपाळला आले आणि तिथलेच झाले. सरकारचे किंवा कंपनीचे पैसे न घेता, सामान्य माणसांच्या देणग्यांवर हे काम उभे राहिले. फ्रेंच लेखक दोमिनिक लापिएर यांनी भोपाळवरच्या आपल्या पुस्तकाच्या उत्पन्नातूनही त्याला हातभार लावला. दवाखान्यात अॅलोपॅथीचे डॉक्टर आणि आयुर्वेदाचे वैद्य एकाच छपराखाली बसत. पंचकर्म होते, योगासने होती आणि औषध फुकट होते.

मी गेलो तेव्हा व्हरांड्यात बुरख्यातल्या बाया, विडी कामगार, हमाल असे शंभरेक लोक शांतपणे बसलेले. आतून औषधी तेलाचा वास येत होता. मागच्या बाजूला एकराहून मोठी औषधी बाग. शंभराहून अधिक जातींची झाडे, रासायनिक खत नाही, फवारणी नाही. कीटकनाशकांच्या कारखान्याने मारलेल्या माणसांच्या औषधावर कीटकनाशक फवारायचे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. शतावरी, गुळवेल, कोरफड बघत गेलो आणि कुंपणाकडे अडुळसा दिसला. अगदी आमच्या विहिरीवरचाच. तिथे काम करणाऱ्या एका बाईंना मी म्हटले, "ये तो हमारे यहाँ भी है." त्या हसून म्हणाल्या, "हवा तो सबकी एक है न, भैया."

पण माझी आठी सैल झाली ती बागेमुळे नव्हे, नोंदींमुळे. रोगी कोण, कुठे राहतो, त्या रात्री कुठे होता, काय होते, काय दिले, पुढच्या खेपेला फरक पडला की नाही, हे सगळे लिहून ठेवलेले. वस्तीत घरोघर फिरणारे आरोग्यसेवक आणि त्यांच्या वह्या. या लिहून ठेवण्याला वजन असते. २००३ साली सारंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. वायुपीडित आईबापांच्या मुलग्यांची वाढ इतरांपेक्षा खुंटलेली दिसते, असे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. सरकारी संशोधन थांबल्यावरही एका छोट्या दवाखान्याने वही मिटली नव्हती.

झाडपाल्याने जळलेले फुप्फुस नवे होत नाही. पंचकर्माने शरीरातले औद्योगिक विष निघते असे ठामपणे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांना आयुष्यभर औषध घ्यावे लागणार आहे त्यांच्या गोळ्या कमी व्हाव्यात, श्वास जरा मोकळा व्हावा, कोणीतरी पोटावर मालिश करताना मायेने दोन शब्द बोलावेत, यालाही उपचारच म्हणायला हवे.

परतीच्या गाडीत मला आपला गोवा आठवत राहिला. कारण औषधी वनस्पतींची नोंद ही गोष्ट आपल्याला नवी नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि तीस वर्षांहून अधिक काळ इथे राहिला. १५६३ साली त्याने इथल्या औषधी द्रव्यांवरचा संवादग्रंथ गोव्यातच छापला. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून, बाजारात हिंडून, स्वतः चाखून त्याने लिहिले आणि ग्रीक पंडितांचे चुकले तिथे चुकले म्हटले. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली, कारण त्याचे कुळ ज्यू. आपले हिंदू वैद्य तर व्हाइसरॉयपर्यंतच्यांना औषध देत, तरी १६१८ साली त्यांच्यावर परीक्षेची अट आणि संख्येची मर्यादा आली.

गोव्यातून परागंदा होऊन कोचीला गेलेल्या आपल्याच सारस्वतांची गोष्ट याहून मोठी. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींचा 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये अॅमस्टरडॅमला छापून घेतला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे खपले. पहिल्या खंडात त्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र छापलेले आहे. आम्ही हे तपासले, हे खरे आहे, असे सांगून खाली सही. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी आपल्या औषधाखाली नाव घातले. बाबांच्या पुडीवर ते नाव नव्हते.

नोंद का हवी, हे सांगायला ब्रसेल्सचे एक उदाहरण पुरे. १९९० च्या सुमारास तिथल्या एका दवाखान्यात वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत एका वनस्पतीऐवजी ईश्वरमुळाच्या कुळातली दुसरीच आली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडे बिघडली. आपल्याकडे हेच ईश्वरमूळ सापसंद म्हणून उंबरठ्याशी ठेवायचे. 'वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही' हा समज किती घातक, ते तिथल्या डॉक्टरांनी रोग्यांच्या नोंदी जुळवून १९९३ साली जगापुढे मांडले. याच्या उलट सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन, मोजून, १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि देशी मुळी जगभरच्या दवाखान्यांत पोचली. आणि आजीचा अडुळसा? त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध बनवले. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते असते.

कारखान्याच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारीत पिथमपूरला हलवला गेला आणि जूनअखेर जाळून झाला. चाळीस वर्षांनी! आजूबाजूच्या वस्त्यांच्या मातीपाण्यात जे मुरले, ते तसेच आहे. बातमी वाचली तेव्हा मला कुंपणाकडचा तो अडुळसा आठवला.

भोपाळहून आल्यावर मी एक दोनशे पानी वही आणली. बाबांचा पंप किती वेळा, कोणती गोळी, कोणता काढा, किती चमचे, झोप लागली की नाही. रोज रात्री लिहायचे. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही ती दाखवायची आणि रीतसर शिकलेल्या आमच्या वैद्यांनाही. अडुळसा पुन्हा सुरू झाला, पण पंप न सोडता आणि दोघांनाही सांगून. बाबा थट्टा करायचे, "ऑफिस घरी आणलंस रे." त्यानंतर ते सात वर्षे जगले.

वही अजून माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर त्यांच्याच थरथरत्या अक्षरात एक ओळ आहे : 'आज रस घेतला. बरे वाटले.' खाली तारीख आणि सही.