नावाचा रकाना
अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळी पत्रके होती. त्यांत मालकाचे नाव लिहून त्याखाली प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण नोंदला जाई, पण त्याचे नाव सहसा लिहिले जात नसे. आफ्रिकन-अमेरिकन कादंबरीतील अस्मितेचा, म्हणजे ‘आपण कोण’ या जाणिवेचा शोध याच कोऱ्या जागेपासून सुरू होतो, आणि म्हणून तो तत्त्वचिंतन होण्याआधी अगदी शब्दशः नावाचा शोध असतो.

‘क्लोटेल’ (१८५३) ही या परंपरेतील पहिली प्रकाशित कादंबरी मानली जाते. तिचा लेखक विल्यम गुलाम असताना मालकाच्या घरी विल्यम याच नावाचा एक नातलग मुलगा राहायला आला, तेव्हा लेखकाचे नाव काढून घेऊन त्याला सँडफर्ड म्हटले गेले. १८३४ मध्ये पळून सुटल्यावर त्याने ‘विल्यम’ परत घेतले आणि आसरा देणाऱ्या क्वेकर पंथीय गृहस्थाचे ‘वेल्स ब्राउन’ त्याला जोडले. पुढे उजळ कांतीच्या कृष्णवर्णीयाने गोरा म्हणून वावरणे, ज्याला ‘पासिंग’ म्हणतात, हा कादंबरीचा विषय झाला. त्यावरची जेम्स वेल्डन जॉन्सनची कादंबरी १९१२ मध्ये निनावीच निघाली. राल्फ एलिसनच्या ‘इनव्हिजिबल मॅन’मधील (१९५२) निवेदकाचे नाव वाचकाला अखेरपर्यंत कळत नाही, त्याला मिळते ते तो सामील होतो त्या संघटनेने चिठ्ठीवर लिहून दिलेले नाव.

या प्रश्नाच्या सर्वांत खोल तळाशी टोनी मॉरिसनची ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) पोहोचते. गुलामगिरी संपल्यावर नोंदणीला गेलेला माणूस जन्मगाव मेकन सांगतो, बाप वारला म्हणून सांगतो, आणि दारू प्यालेला कारकून उत्तरे भलत्याच रकान्यांत भरतो. त्यामुळे त्याचे नाव मेकन डेड, म्हणजे ‘मृत’, असे होऊन बसते आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटते. त्याची मुलगी पायलट हिचे नाव त्या निरक्षर बापाने बायबलमधली अक्षरे पाहून कागदावर गिरवलेले असते, आणि तो कागद ती तपकिरीच्या पितळी डबीत घालून आयुष्यभर कानात डुलासारखा वागवते. आजोबांच्या ‘जेक’ या खऱ्या नावामागची कहाणी नातू मिल्कमनला गवसते ती कोणत्याही दप्तरात नव्हे, तर व्हर्जिनियातील एका खेड्यात खेळणाऱ्या मुलांच्या गाण्यात. ते टिपून घ्यायला त्याच्याजवळ साधी पेन्सिलही नसते, म्हणून तो ऐकत ऐकत ते गाणे पाठ करतो.