पाहिलेला प्लॉट पाठ का सोडत नाही? जमीन-घरांच्या धंद्यातली 'रिटार्गेटिंग' जाहिरात

राजुरा-गडचांदूर रोडवरच्या एखाद्या ले-आउटची जाहिरात आपण मोबाईलवर एकदा उघडतो, भाव बघतो आणि बंद करतो. मग पुढचे पंधरा दिवस यूट्यूबवर, इन्स्टाग्रामवर, बातमीच्या मधोमध, अगदी मुलांच्या गेममध्येही तोच ले-आउट दिसत राहतो. घरातले म्हणतात, फोन आपलं बोलणं ऐकतो. ऐकण्याची काही गरजच नसते. आपण काय उघडून पाहिलं एवढं कळलं की जाहिरातवाल्याचं काम भागतं. या पद्धतीला रिटार्गेटिंग म्हणतात. गूगलने ती आपल्या जाहिरातदारांसाठी मार्च २०१० मध्ये 'रिमार्केटिंग' या नावाने सुरू केली. बूट, साड्या, विमानाची तिकिटं यांच्यासाठी ती आधी वापरली गेली. आता तालुक्याच्या गावातले प्लॉटवालेही वापरतात.

आमच्याकडे लोक दोन प्रकारची कामं घेऊन येतात. एक, आजोबांच्या काळचा निजामशाहीतला उर्दू कागद वाचून द्या. दुसरं, ही फोनवरची जाहिरात खरी आहे का ते सांगा. वरवर दोन वेगळी कामं दिसतात, पण बहुतेक वेळा ती एकाच जमिनीची असतात. म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहितो आहोत.

हे चालतं कसं

कापडाचा हुशार दुकानदार मनात नोंद ठेवतो की अमुक घरच्या बाईंनी निळी साडी दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली. पुढच्या वेळी त्या आल्या की तो आधी निळीच काढतो. वेबसाइटवर ही नोंद दोन-चार ओळींचा कोड ठेवतो. मेटा कंपनी (फेसबुक, इन्स्टाग्राम) त्याला पिक्सेल म्हणते. तो आपल्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी खूण टाकतो, किंवा फोनचा जाहिरात आयडी टिपून घेतो. प्लॉटवाल्याला आपलं नाव कळत नाही. त्याला एक यादी मिळते: ज्यांनी 'भाव' हे पान उघडलं, पण फोन केला नाही. त्या यादीला जाहिरात दाखवा, असं तो गूगलला किंवा मेटाला पैसे भरून सांगतो. मेटाकडे वेबसाइटच्या पाहुण्यांची अशी यादी १८० दिवसांपर्यंत ठेवता येते, गूगलकडे ५४० दिवसांपर्यंत. म्हणजे मागच्या वर्षीच्या ईदला सहज पाहिलेला प्लॉट या वर्षीच्या ईदलाही दिसू शकतो.

खूण फोनवर बसते, माणसावर नाही, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे एक फोन चार जण वापरतात. मोठ्या मुलाने गुपचूप नागपूरचा फ्लॅट पाहिला तर जाहिरात अम्मीच्या सीरियलमध्ये येते आणि घरात वेगळाच विषय निघतो.

राजुऱ्यासारख्या गावात मात्र वेबसाइट असणारे प्लॉटवाले थोडे. शिवाय यादीत किमान १०० चालू लोक असल्याशिवाय गूगल ती चालवत नाही. म्हणून इथे दुसरे दोन मार्ग जास्त चालतात. पहिला म्हणजे ज्यांनी फेसबुकवरचा ड्रोनचा व्हिडिओ अर्ध्याहून अधिक पाहिला किंवा व्हॉट्सॲपचं बटण दाबलं, त्यांनाच पुन्हा जाहिरात दाखवणे. दुसरा म्हणजे मोबाईल नंबरांची यादी थेट फेसबुकवर चढवणे. ही सोय २०१२ पासून आहे आणि आमच्या मते सगळ्यात जास्त गैरवापर हिचाच होतो. साइट व्हिजिटला दिलेला नंबर एका दलालाकडून दुसऱ्याकडे जातो आणि कधी न पाहिलेल्या ले-आउटच्या जाहिराती मागे लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा वापरासाठी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिरात दाखवायलाही हा कायदा मनाई करतो.

वारंवार दिसणं म्हणजे पुरावा नव्हे

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेखालून गेली की ती आवडू लागते, मग तिच्याबद्दल काही माहिती असो वा नसो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. वर्गात पाढे पाठ करून घेताना आम्हीही याच सवयीचा फायदा घेतो. साबणाच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही, फार तर ३० रुपये जातात. प्लॉटमध्ये मात्र वेकोलीत जमीन गेल्याचा मोबदला, सिमेंट कंपनीतल्या नोकरीचा फंड, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम जाते. दहाव्यांदा दिसलेला ले-आउट 'ओळखीचा' वाटतो आणि माणूस बयाना देऊन मोकळा होतो.

आता त्या जाहिरातीत काय दिसत नाही ते पाहू.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडमध्ये आणि १९५९ पासून चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. जुन्या जमिनीचा मूळ हक्क शोधायला गेलं की म्हणूनच उर्दू कागद समोर येतात. वारसांपैकी एखादी आत्या, एखादी फुप्पी पुढच्या फेरफारात गायब झालेली असते आणि तिचा हिस्सा आजही जिवंत असतो. तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन गैरआदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हा नियम १९७४ पासून आहे. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कितीही वर्षांनी अंगावर येऊ शकतो. सास्ती, गोवरी, पवनी या भागांत कोळसा आहे. जमिनीवर १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याची अधिसूचना निघाली असेल तर घर बांधण्याआधीच ती हातची जाऊ शकते. वर्धा नदीच्या बाजूला असेल तर पूररेषा बघायची. 'बल्लारपूर अगदी जवळ' असं जाहिरात सांगते, पण पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला की बल्लारपूर किती लांब होतं ते राजुऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि शेतजमिनीचे तुकडे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. सध्या ते क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे दीड गुंठासुद्धा नाही. म्हणून अकृषक (एनए) आदेश आणि मंजूर ले-आउट नकाशा मागायचा. 'एनए प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर म्हणजे अजून एनए झालेलं नाही.

नंबर कोणाचा आहे ते बघा

५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ युनिटपर्यंतचा प्रकल्प यांना रेरा नोंदणीची सूट आहे. तीस-चाळीस प्लॉटांचा ले-आउट त्या सुटीत बसत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ३ स्पष्ट सांगतं की नोंदणीआधी विक्री तर सोडाच, जाहिरातही करायची नाही. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. नसेल तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. रिटार्गेटिंगच्या जाहिरातीत चित्र लहान आणि मजकूर दोन ओळींचा असतो, त्यामुळे हे सगळं सोयीने गळतं. एक युक्ती तर ओळखूनच ठेवा. प्रकल्पाचा नोंदणी नंबर इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो, एजंटाचा 'ए' अक्षराने. काही जाहिरातींत ठळक अक्षरांत 'रेरा रजिस्टर्ड' लिहिलेलं असतं आणि खाली नंबर 'ए' चा असतो. म्हणजे दलाल नोंदलेला आहे, ले-आउटचा पत्ता नाही.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'बिनव्याजी हप्त्यांवर प्लॉट' ही ओळ आपल्यातल्या पुष्कळांना भावते, कारण सूद टाळायचा असतो. हा निर्णय ज्याचा त्याचा, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण बँकेचं कर्ज घेणाऱ्याला एक गोष्ट आपोआप मिळते: बँकेचा वकील साधारण ३० वर्षांचा सर्च घेतो आणि टायटल कच्चं असेल तर कर्ज नाकारतो. बँकेकडे न जाणाऱ्याला ही चाळणी मिळत नाही, ती स्वतः लावावी लागते. दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २, डिजिटल सहीचा सातबारा (१५ रुपयांत मिळतो), फेरफार आणि स्वतःच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, एवढं तरी हवं. वकील प्लॉटवाल्याने सुचवलेला नको. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. हे कलम १३.

'आपल्या लोकांची वस्ती, मशीद जवळ' अशा जाहिरातीही फिरतात. तशी वस्ती हवीशी वाटण्यात गैर काही नाही. शहरांत मुसलमान कुटुंबाला नाव ऐकून घर नाकारल्याचे अनुभव कमी नाहीत. पण आपुलकीचा शब्द म्हणजे कागद नव्हे. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कंपनी बुडाली. 'हलाल गुंतवणूक' या एका शब्दावर हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिथे बचत ठेवली होती.

जाहिरात न दिसणं

उलट बाजूही आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्तमानपत्रातली जाहिरात सगळ्यांना दिसते. यादीवरची जाहिरात यादीत नसलेल्याला दिसतच नाही, म्हणजे आपल्याला वगळलं हेही कळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दाखवलं की फेसबुकवर घरांची जाहिरात देताना ठरावीक वांशिक गटांना वगळता येतं. २०१९ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने कंपनीवर भेदभावाचा आरोप ठेवला. जून २०२२ मध्ये न्याय खात्याशी समझोता झाला आणि कंपनीला घरांच्या जाहिरातींतलं एक साधन बंद करावं लागलं. तो समझोता अमेरिकेपुरता. जानेवारी २०२२ पासून मेटाने धार्मिक आचरणाशी जोडलेले निवडीचे पर्याय काढले आणि गूगलही धर्मश्रद्धेवरून जाहिरात रोखून दाखवू देत नाही. पण नंबरांची यादी चढवणाऱ्याने आधीच नावं पाहून काही गाळली असतील तर यंत्र त्याला काही विचारत नाही. म्हणून घर शोधताना फक्त फोनवर जे दिसतं त्यावर थांबू नका. महारेराच्या वेबसाइटवर जिल्हा निवडून नोंदलेले सगळे प्रकल्प पाहता येतात, तिथे सगळ्यांना सारखंच दिसतं.

धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांसाठी

राजुरा, बल्लारपूर, चंद्रपूर भागात प्रॉपर्टीच्या कामात आपली बरीच मुलं आहेत. रिटार्गेटिंग वाईट नाही. प्लॉट कोणी पहिल्या दिवशी घेत नाही, सहा-सहा महिने विचार चालतो, आठवण करून देणं रास्त आहे. फक्त तेच ड्रोनचं चित्र दहा वेळा फेकू नका. पहिल्यांदा जागा दाखवा. जो परत आला त्याला दुसऱ्या जाहिरातीत मंजूर नकाशा आणि रेरा नंबर दाखवा, तिसऱ्यात सातबारा बघायला या म्हणा. ज्याने प्लॉट घेतला त्याचं नाव यादीतून काढा. रजिस्ट्री झाल्यावर तोच प्लॉट 'आणखी स्वस्त' दिसला तर गिऱ्हाईक दारात येऊन बसतं. एका माणसाला आठवड्यात किती वेळा दिसावं याची मर्यादा जाहिरातीच्या सेटिंगमध्ये घालता येते. नंबर घेताना तो कशासाठी घेतोय ते सांगा. आणि एजंटाची परीक्षा व प्रमाणपत्र झालेलं नसेल तर आधी ते उरका.

ज्यांना पाठलाग नको त्यांनी जाहिरातीवरचे तीन ठिपके दाबून 'ही जाहिरात का दिसते' वाचावं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, तिथे जाहिरात आयडी हटवता येतो. एखादं पेज खरं वाटत नसेल तर मेटाच्या ॲड लायब्ररीत त्याचं नाव टाका. ते सध्या कोणत्या जाहिराती चालवतं आणि त्या केव्हापासून, हे कोणालाही पाहता येतं.

एक काम मात्र जाहिरात बंद करण्याआधी करा. तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा, ज्यात भाव, '४० फुटी रोड', 'एनए मंजूर' असं जे काही लिहिलं असेल ते दिसेल. छापील पत्रक घरात पडून राहतं, ही जाहिरात उद्या सापडणार नाही. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याला भरपाई मागता येते आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत मागता येते. माध्यम कागद असो की मोबाईल, कायद्याला सारखंच. तक्रार महारेराच्या वेबसाइटवर करता येते, फी ५,००० रुपये आहे, आणि विदर्भासाठी महारेराचं कार्यालय नागपुरात आहे.