ब्रिक गेम, रोड रॅश ते मोबाईलमधली लालपरी: रेसिंग गेमचा रस्ता परभणीपर्यंत कसा आला?

मोबाईलच्या स्क्रीनवर एसटीची लाल गाडी पळतेय. पुढं मराठी पाटी, मागं टपावर चढायची शिडी. पण रस्त्याकडेच्या दुकानांवरच्या पाट्या भलत्याच भाषेत. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. ही लालपरी पळतेय इंडोनेशियात. ती तिथं कशी पोहोचली, हे समजून घ्यायला जरा मागं जावं लागतं.

1974 साली अमेरिकेत अटारीनं 'ग्रॅन ट्रॅक 10' आणलं. स्टीअरिंग, गिअर, पायाशी पेडल, आणि स्क्रीनवर काळापांढरा ट्रॅक. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता, सगळा खेळ सर्किटवर चालायचा. त्याच वर्षी जपानच्या तैतो कंपनीचं 'स्पीड रेस' आलं. ते बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनीच पुढं 'स्पेस इनव्हेडर्स' बनवलं. 'स्पीड रेस'ची युक्ती साधी होती: गाडी पुढं जातच नाही, रस्ता वरून खाली सरकतो. बघणाऱ्याला वाटतं, गाडी सुसाट सुटली.

हीच युक्ती मराठवाड्यात पोहोचली ती ब्रिक गेममधून. परभणीचा उरूस असो की गावची जत्रा, खेळण्यांच्या दुकानात हा हातात मावणारा डबा हमखास दिसायचा. वर '9999 इन 1' असं लिहिलेलं, आत मोजून थोडेच खेळ. 10 रुंद, 20 उंच, म्हणजे 200 चौकोनांचा पडदा. त्यातल्या काही चौकोनांची गाडी, समोरून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या. लोडशेडिंगच्या दिवसांत त्याचं मोठं सुख म्हणजे तो पेन्सिल सेलवर चालायचा.

तिकडं जगात खेळ बराच पुढं गेला होता. 1982 च्या 'पोल पोझिशन'नं कॅमेरा गाडीच्या मागं नेला आणि जपानचा खराखुरा फुजी स्पीडवे स्क्रीनवर आणला. 1986 मध्ये सेगाचं 'आऊट रन' आलं. दोन्हींत खरा थ्रीडी रस्ता नव्हता. लांबची झाडं, पाट्या जवळ येतील तशी मोठी करून दाखवायची, एवढीच हातचलाखी. 1992 च्या 'व्हर्च्युआ रेसिंग'नं रस्ता, डोंगर, गाड्या सगळं बहुभुज आकारांतून उभं केलं. 1997 ला काझुनोरी यामाउची यांचं 'ग्रॅन तुरिस्मो' आलं, आणि कोणत्या गाडीचं वजन किती, टायर वळणावर किती पकड ठेवतो, हाही खेळाचाच भाग झाला. याची 1 कोटीपेक्षा जास्त विक्री झाली. पण त्याला लागायचा प्लेस्टेशन, आणि तालुक्याच्या गावात तो कुणाकडं असणार?

सायबर कॅफेचा राजा

आपल्याकडं राज्य केलं ते 'रोड रॅश'नं. मूळ गेम 1991 चा, कॉम्प्युटरवर आला 1996 मध्ये. नियम एकच, शर्यतीत पुढं राहा. मग त्यासाठी शेजारच्या बाईकवाल्याला लाथ घाला नाहीतर साखळीनं हाणा. पोलिसानं पकडलं तर दंड. ग्राफिक्स आज पाहिले तर हसू येईल, पण जुन्या पेंटियमवरही हा गेम अडखळत नव्हता. सीडीवरून, नंतर पेनड्राईव्हवरून त्याच्या कॉप्या फिरल्या. त्या बहुतेक पायरेटेड होत्या, हेही सांगायला हवं. 2005 चं 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' त्यापेक्षा कितीतरी देखणं होतं, पण त्याला ग्राफिक्स कार्ड मागणारा कॉम्प्युटर लागायचा.

या सगळ्या गेममध्ये रस्ते मात्र परके. कॅलिफोर्निया, टोकियो, युरोप. भारतातला रस्ता मोठ्या गेममध्ये दिसला तो 'एफ1 2011'मध्ये, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. गंमत म्हणजे गेम सप्टेंबरमध्ये आला आणि तिथली खरी शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली.

मग मोबाईल आला. फिनलंडचं 'हिल क्लाइंब रेसिंग' 2012 चं, ते नेट नसतानाही चालायचं. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि मोठाले गेम डाउनलोड करणं परवडायला लागलं.

मग लालपरी

2017 मध्ये मालेओ या इंडोनेशियन कंपनीनं 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' आणलं. ही तशी शर्यत नाही. प्रवासी घ्यायचे, ठिकाणी पोहोचवायचे. तरी ऑनलाइन एकत्र गाड्या पळवायची सोय आहे, आणि पोरं तिथं ओव्हरटेक करायचं सोडतात होय?

या कंपनीनं एक दार उघडं ठेवलं. खेळणाऱ्यानं गाडीचा रंग स्वतः बनवायचा, त्याला लिव्हरी म्हणतात. पुढं अख्खी गाडीच बनवून आत टाकता यायला लागली, ती मॉड. आपल्या पोरांनी त्यातून लालपरी उतरवली, शिवशाहीही उतरवली. एक गोष्ट आयतीच जुळली. इंडोनेशियातही आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, स्टीअरिंग उजवीकडं. युरोप-अमेरिकेच्या बहुतेक रस्त्यांवर लालपरी उलट्या बाजूनं चालवावी लागली असती.

यात एसटी महामंडळाचा हात नाही, हे सगळं हौसेचं काम. म्हणूनच एक काळजी घ्या. मॉडची फाईल गेमच्या आत उघडते, ते वेगळं ॲप नसतं. लालपरीच्या नावाखाली कुणी अनोळखी एपीके इन्स्टॉल करायला सांगत असेल, तर लांबच राहा.

हौस किती बारीक असते, ते नंबर प्लेटवर कळतं. परभणीचा आरटीओ क्रमांक एमएच 22. पण परभणीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या कितीतरी लालपरींवर एमएच 20 दिसतं, कारण एसटीच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत व्हायची आणि नोंदणीही तिथलीच. चिकलठाण्याची गाडी एमएच 20, दापोडीची एमएच 14. परभणीची गाडी म्हणून एमएच 22 टाकलं, की एसटीच्या चाहत्याला ती चूक लगेच दिसते.