इंदूरचा सराफा : एका गल्लीचे दोन संसार

इंदूरचे हृदय म्हणजे राजवाडा. त्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. आत होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड विराजमान आहे. जवळच कृष्णाबाईंनी 1832 साली बांधविलेले गोपाळमंदिर आहे. देव आणि दरबार यांच्या याच सान्निध्यात सराफ्याची अरुंद गल्ली वसली आहे. दर्शन घेऊन निघालेला भाविक सहजच तिकडे वळतो.

अहिल्याबाईंच्या काळी, म्हणजे 1767 ते 1795 या वर्षांत, दरबार महेश्वरी होता. 1818 च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. माळव्याची अफू आणि कापूस यांच्या व्यापाराने शहर वाढले. हुंड्या फिरू लागल्या, पेढ्या उभ्या राहिल्या. सराफ म्हणजे मुळात नाणे पारखणारा. निरनिराळ्या टांकसाळींची नाणी चालत असता कस पाहून बट्टा ठरविणे हे त्याचे काम. त्याच्या शेजारी सोनार आला आणि सोनारामागून झारेकरी आला. गल्लीतील केरमाती धुऊन तीतील सोन्याचे कण वेचणारा हा माणूस आजही सराफ्यात दिसतो. जेथे धुळीलाही मोल आहे, तेथे रात्रीच्या राखणीची चिंता किती असेल, हे सांगणे नको.

या चिंतेतूनच दुसरा संसार उभा राहिला, असे इंदुरात सांगतात. दुकाने बंद झाल्यावर सराफांनी आपल्या ओट्यांवर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना बसू दिले. माणसांची जाग असली की चोराचे फावत नाही. याचा लेखी दाखला नसला, तरी व्यवहार पाहिल्यास ही गोष्ट पटण्याजोगी आहे. रात्री तिजोऱ्या बंद होतात आणि त्याच पायऱ्यांसमोर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, थंडीतील तळलेला गराडू, तळहाताहून मोठा जलेबा, मालपुवा, रबडी, दुधाची दाट शिकंजी अशी रांग मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. आपली साबुदाण्याची खिचडीही येथे आहे. पण ती परतलेली नसून वाफवलेली, वर फराळी चिवडा व लिंबू घेतलेली. मराठी घरातील उपवासाचा पदार्थ माळव्याच्या बाजारात येऊन असा माळवी झाला.

अलीकडे मात्र या दोन संसारांत बेबनाव झाला आहे. खाद्यदुकाने वाढली, पारंपरिक पदार्थांत परके पदार्थ मिसळले, आणि अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या दाटल्या. सराफ आगीचे भय दाखवितात. ते भय पोकळ म्हणता येत नाही. 1984 साली शेजारचा राजवाडाच आगीत होरपळला होता. 2025 साली हा वाद ऐरणीवर आला, आणि खाऊगल्ली अन्यत्र हलवावी की जुन्या पदार्थांची मोजकीच दुकाने ठेवावीत, याचा खल झाला.

इतिहासाकडे पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते. ओटा सराफाचा होता आणि जाग हलवायाची होती. दोघांनाही दुसऱ्याची गरज होती, म्हणून प्रत्येकाने आपली मर्यादा पाळली. एकाने वेळेवर दार लावले, दुसऱ्याने पहाटेपूर्वी ओटा धुऊन दिला. चूल उठवून दुसरीकडे नेली, तर तेथे खाणे मिळेल, सराफा मिळणार नाही. आणि मर्यादा सोडून चुली वाढविल्या, तर येथेही सराफा उरणार नाही. दुकानांची संख्या, आगीचा बंदोबस्त आणि उठण्याची वेळ एवढे दोन्ही पक्षांनी एकत्र बसून ठरविले, तर जुना करारच नव्याने लिहिल्यासारखे होईल. पूर्वजांनी तो शब्दावर पाळला. आपणांस तो कागदावर तरी पाळता यावा.