कुंडलिकेत मुळेचं पाणी

कोलाडला कुंडलिकेकाठी आम्ही दादरचे सहा मित्र तंबूत झोपलो, तेव्हा नदीतले खडक उघडे होते. सकाळी वर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं आणि मगच राफ्टिंग सुरू झालं. ‘एकदम जंगली नदी!’ एकजण ओरडला.

जंगली कसली! हे बरंचसं पाणी मुळेचं. पुण्याकडे वाहणारी मुळा टाटा कंपनीनं मुळशीला अडवून डोंगरातून कोकणात उतरवली. १९२७ पासून त्यावर मुंबईसाठी वीज होते. गिरण्यांना ती हवीच होती, आणि माझे आजोबाही परळच्या गिरणीतलेच. बुडणाऱ्या शेतांसाठी मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. जमिनी गेल्याच. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. दादरच्या तुळशी पाइप रोडला (हे नावही पाण्याच्या नळावरूनच पडलेलं) पुढे त्यांचं नाव दिलं गेलं.