स्वाक्षरी हाती आली, पुरावा कुठे आहे?

शाहूपुरी (कोल्हापूर), प्रतिनिधी : तालमी, फुटबॉल आणि क्रिकेट यांवर पोसलेल्या कोल्हापुरात नामवंत खेळाडूची स्वाक्षरी घरात असणे हा अभिमानाचा विषय असतो. कुणाकडे स्वाक्षरीची वही, कुणाकडे बॅट, तर कुणाकडे चौकटीत बसविलेले छायाचित्र असते. अलीकडच्या काळात या छंदाचे रूपांतर मोठ्या बाजारपेठेत झाले आहे. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात महेंद्रसिंह धोनीने वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडनमधील लिलावात १ लाख पौंडांना विकली गेली. २०२४ मध्ये बेसबॉलमधील दंतकथा ठरलेल्या बेब रुथ याच्या १९३२ मधील जर्सीला २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक किंमत आली. या आकड्यांमुळे घराघरांतील स्वाक्षऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि त्याबरोबर बनावट मालही वाढला.

या विषयात कोल्हापूरशी जोडलेले सर्वांत बोलके उदाहरण भाऊसाहेब निंबाळकर यांचे आहे. १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या फलंदाजाने डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना नाबाद ४४३ धावा केल्या. सर डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडण्यास १० धावा हव्या असताना काठियावाडच्या कर्णधाराने विश्रांतीनंतर खेळ पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. महाराष्ट्राची धावसंख्या तेव्हा ४ बाद ८२६ होती. विक्रम हुकला, तरी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी म्हणून ती आजही कायम आहे. निंबाळकरांना कसोटी सामना मात्र एकही मिळाला नाही. पुढे ब्रॅडमन यांनी त्यांना व्यक्तिगत पत्र पाठविले आणि ही खेळी आपल्या खेळीपेक्षा सरस असल्याचे कळविले, अशी नोंद क्रिकेटच्या इतिहासात आहे. २०१२ च्या डिसेंबरमध्ये, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कोल्हापुरातच निंबाळकरांचे निधन झाले.

संग्राहकाच्या दृष्टीने या पत्राचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. ब्रॅडमन यांची स्वाक्षरी ही दुर्मीळ वस्तू नव्हे. चाहत्यांच्या पत्रांना स्वतः उत्तर देण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. त्यांनी आयुष्यभर असंख्य स्वाक्षऱ्या दिल्या, त्यामुळे नुसती स्वाक्षरी बाजारात तुलनेने सहज मिळते. परंतु विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट कामगिरीबद्दल लिहिलेले पत्र एकच असते. बाजाराचा हिशेब अनेकदा याच्या उलट चालतो, हे नवल आहे. ‘अमुक यांस सप्रेम’ असे नाव घालून केलेल्या स्वाक्षरीला पुष्कळ वेळा कमी भाव मिळतो, कारण विकत घेणाऱ्याला दुसऱ्याचे नाव नको असते. प्रत्यक्षात असे नाव हाच स्वाक्षरीचा उत्तम साक्षीदार असतो. नाव, प्रसंग आणि तारीख जुळवून खोटा मजकूर रचणे हे नुसती सही गिरविण्याइतके सोपे नाही.

ब्रॅडमन आणि रुथ यांची भेटही झाली होती. १९३२ मध्ये अमेरिका दौऱ्यावर असताना ब्रॅडमन न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये रुथला भेटले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर आपल्या अखेरच्या कसोटी डावात ब्रॅडमन शून्यावर बाद झाले आणि दोनच दिवसांनी रुथचे निधन झाले. रुथही स्वाक्षरी देण्यात सढळ होता. तरीही त्याचे चांगल्या स्थितीतील चेंडू थोडेच उरले, कारण चामडे काळवंडते आणि शाई पुसट होते. त्यातूनच बनवेगिरीला वाव मिळाला. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने मोहीम राबवून बनावट स्वाक्षऱ्यांचा मोठा धंदा उघडकीस आणला. बाजारातील निम्म्याहून अधिक स्वाक्षऱ्या खोट्या असाव्यात, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. जप्त मालात चक्क मदर तेरेसा यांची ‘स्वाक्षरी’ असलेले बेसबॉलही निघाले! सोबत छापील प्रमाणपत्र असले की ग्राहक निश्चिंत होतो, हे बनावट करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच २००१ पासून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने साक्षीदारासमोर प्रमाणित झालेल्या वस्तूंवरच क्रमांकित होलोग्राम लावण्याची पद्धत सुरू केली. सही पाहून नंतर मत देणे आणि सही होताना पाहणे, यांतील फरक येथे मान्य झाला.

आपल्याकडे पहिली फसगत अगदी साधी असते. क्रीडासाहित्याच्या दुकानातील बॅटवर नामवंत फलंदाजाची जी सही दिसते ती कारखान्यात उमटविलेली असते. ती जाहिरात होय, स्वाक्षरी नव्हे. छापील छायाचित्रावरील सहीचेही तसेच आहे. भिंगाखाली पाहिल्यास छपाईत बारीक ठिपके दिसतात. हाताने केलेल्या सहीत शाईचा थर कागदावर बसलेला असतो, रेषा एकमेकींना छेदतात तेथे शाई गडद होते आणि लेखणीचा दाब कमी-जास्त झालेला जाणवतो. गिरविलेली सही मात्र संथ, थरथरती आणि सर्वत्र सारख्या जाडीची असते. लेखणीचा काळही तपासावा. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पोहोचले आणि फेल्ट पेन १९६० च्या दशकात. १९३० च्या दौऱ्यातील म्हणून दाखविलेल्या बॅटवर मार्करची ठसठशीत सही असेल, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. कागदाला चकाकी देणारी रसायने साधारणतः १९५० नंतर वापरात आली. त्यामुळे त्याआधीचा म्हणून विकला जाणारा कागद अतिनील दिव्याखाली निळसर उजळू लागला, तर संशयास जागा आहे.

तरीही निर्णायक ठरतो तो वस्तूचा पूर्वेतिहास. टपालाचा शिक्का असलेले पाकीट, सही घेतानाचे छायाचित्र, सामन्याची पत्रिका, मूळ धन्याने लिहून ठेवलेली चार ओळींची टीप हे सारे सहीबरोबर राहायला हवे. नेमका हाच ऐवज आपल्याकडे आधी नष्ट होतो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात वसलेल्या शाहूपुरीसारख्या जुन्या पेठेत वाडे जाऊन अपार्टमेंट उभी राहताना माळ्यावरची पाकिटे रद्दीत निघतात. चौकटीतले छायाचित्र तेवढे नव्या घरी जाते आणि ते कोणाला, केव्हा मिळाले हे सांगणारा कागद किलोच्या भावाने विकला जातो. घरातील वडीलधाऱ्यांकडून हकीकत लिहून घेऊन तारखेसह सही करून ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

जतनाबाबत कोल्हापूरचा पावसाळा हा मोठा शत्रू मानावा लागेल. दमट भिंतीला टेकलेली चौकट, काचेला चिकटलेला फोटो आणि कपाटातली कसर यांपासून कागद दूर ठेवावा. थेट ऊन लागल्यास शाई उडते. कागद लॅमिनेट करू नये, तो पुन्हा सोडविता येत नाही. पुसट झालेली सही ‘ठळक’ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. दुसऱ्या हाताने गिरविलेली सही ही मूळ सही राहत नाही.

संग्रह पाहायचा असेल तर पुण्यातील सहकारनगर येथील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय जवळचे आहे. महाराष्ट्राचे माजी युवा क्रिकेटपटू रोहन पाटे यांनी उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्‌घाटन २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते झाले. अनेक वस्तू खेळाडूंकडूनच मिळविल्या गेल्या आहेत, हे तेथील वैशिष्ट्य. ब्रॅडमन यांनी आपला मोठा संग्रह दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्य ग्रंथालयाकडे सोपविला होता. कोल्हापूरच्या क्रीडा इतिहासाला मात्र अद्याप अशा पद्धतशीर संग्रहाची गरज आहे.

विक्रीचा विचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याच्या मालकीचा असतो, पण मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा राहतो. तसेच १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्य असलेला दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना झाल्यास तो पुरावस्तू ठरू शकतो आणि खासगी व्यक्तीला तो परदेशी पाठविता येत नाही. १९४० च्या दशकातील क्रीडापत्रव्यवहाराने ही मर्यादा आता ओलांडली आहे.